नौपाड्यातला अडकलेला राउटर: बूटलोडर बदलण्याचं एक प्रकरण

ठाण्यात नौपाड्यातली जुनी चार मजली इमारत. तिसऱ्या मजल्यावर निवृत्त काका-काकू, मुलगा नोकरीसाठी पुण्यात. इंटरनेट जवळच्या केबलवाल्याचं: गच्चीवरच्या स्विचपासून भिंतीवरून सोडलेली लॅन केबल खिडकीतून घरात येते आणि टीव्हीच्या कपाटावरच्या राउटरला लागते. राउटर टीपी-लिंकचा टीएल-डब्ल्यूडीआर३६००, हार्डवेअर आवृत्ती १. एआर९३४४ प्रोसेसर, १२८ एमबी रॅम, ८ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी साठवण), पाचही पोर्ट गिगाबिट. कंपनीचं फर्मवेअर (राउटर चालवणारं सॉफ्टवेअर) येणं केव्हाच थांबलंय, म्हणून त्यात ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर बेतलेली मुक्त प्रणाली) चढवलेलं. शंभर एमबीपीएसच्या प्लॅनला हे यंत्र अजून पुरतं. प्लॅन तीनशेच्या वर नेला तर मात्र त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही, नवा राउटर आणावा.

मुलाने पुण्याहून लॉगिन करून फर्मवेअरची नवी आवृत्ती चढवायला घेतली. वेळ सकाळची. घरात गिझर सुरू झाला, जुन्या कॉइलमधून करंट गळला आणि ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडला. काकूंनी तो वर केला, पंखे फिरले, पण वायफाय काही आलं नाही.

दिवे काय सांगत होते

राउटरचे दिवे एकदा सगळे लागायचे, मग फक्त पॉवर आणि सिस्टिमचा दिवा राहायचा, काही सेकंदांनी पुन्हा सगळे एकदम. हेच चक्र थांबत नव्हतं. घरच्यांना हा राउटर 'मेला' असं वाटणं साहजिक आहे, पण मेलेला राउटर असा वागत नाही. दिवे पुन्हा पुन्हा लागतात म्हणजे बूटलोडर जिवंत आहे: तो हार्डवेअर उठवतो, कर्नल (प्रणालीचा गाभा) रॅममध्ये नेतो आणि सूत्रं त्याच्या हाती देतो. पुढे कर्नलला फाइल सिस्टिम अर्धवट सापडते, तो पॅनिक होतो आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू होतं. फर्मवेअर पुढून मागे लिहिलं जातं, त्यामुळे मध्येच वीज गेली की नेमकं हेच होतं. पुढचा कर्नल नवा आणि धड, मागचा भाग कापलेला.

ओपनडब्ल्यूआरटीचा फेलसेफ मोड (सेटिंग बिघडल्यावर आत शिरायची सोय) इथे कामाला येत नाही. तो त्याच फाइल सिस्टिममध्ये राहतो, आणि तीच तुटलेली आहे.

या राउटरची ८ एमबी फ्लॅश तीन तुकड्यांत वाटलेली असते. सुरुवातीचे १२८ किलोबाइट बूटलोडरचे. शेवटचे ६४ किलोबाइट 'आर्ट' या भागाचे, ज्यात या विशिष्ट नगाच्या रेडिओचं कॅलिब्रेशन असतं. मधलं सगळं फर्मवेअर. राउटरच्या वेब पानावरून होतो तो 'अपडेट' या मधल्याच भागाचा असतो. वर्षानुवर्षं फर्मवेअर बदलत राहिलात तरी बूटलोडर कारखान्यातून आला तोच राहतो. इथे तो यू-बूट १.१.४ वर बेतलेला, सुरुवातीच्या तुकडीतला होता. याच मॉडेलच्या नंतरच्या काही तुकड्यांत मागचं बटण दाबून टीएफटीपीने, म्हणजे लॅन केबलवरून फाइल ओढायच्या साध्या रीतीने, फर्मवेअर परत चढवायची सोय आहे (लॅपटॉपला १९२.१६८.०.६६ हा पत्ता द्यायचा आणि ठरलेल्या नावाची रिकव्हरी फाइल ठेवायची). या नगात ती नव्हती. बटण दाबून ठेवून लॅपटॉपवर पॅकेट तपासली, तर राउटरने एकही फाइल मागितली नाही.

पहिली दुरुस्ती: सिरियल

मग उघडण्यावाचून इलाज नव्हता. खालचे स्क्रू आणि कडेच्या खुंट्या काढल्या की बोर्डावर सिरियलची (बूटलोडरशी मजकुरातून थेट बोलायच्या जोडणीची) चार छिद्रं दिसतात. यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ३.३ व्होल्टचाच हवा. ग्राउंड, आरएक्स आणि टीएक्स या तीनच तारा जोडायच्या. चौथी, व्हीसीसीची, मोकळी सोडायची, कारण राउटरला त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरची वीज असतेच. ग्राउंड कोणतं हे मल्टिमीटरने पॉवर जॅकच्या बाहेरच्या कडीशी कंटिन्यूइटी बघून ठरवावं, इंटरनेटवरच्या फोटोवरून नव्हे. वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट.

(आज्ञा इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

वीज दिली की 'ऑटोबूटिंग इन १ सेकंड्स' अशी ओळ येते. त्या एका सेकंदात 'टीपीएल' ही तीन अक्षरं टाइप झाली पाहिजेत. हाताने जमत नसेल तर ती आधी कॉपी करून ठेवावी आणि ओळ दिसताच पेस्ट करावी. प्रॉम्प्ट मिळाल्यावर 'सेटएन्व्ही'ने राउटरचा आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता द्यायचा, 'टीएफटीपीबूट ८१००००००'ने फॅक्टरी फाइल रॅममध्ये ओढायची. मग 'इरेज ९एफ०२०००० +७सी००००' आणि 'सीपी.बी ८१०००००० ९एफ०२०००० ७सी००००'. यू-बूट आकडे मुळातच सोळा पायाचे धरतो. ७सी०००० म्हणजे ८१,२६,४६४ बाइट, आणि डाउनलोड झालेल्या फाइलचा आकार तेवढाच आहे ना, हे इरेजच्या आधी बघायचं, नंतर नाही.

या इरेजच्या आज्ञेकडे नीट पाहा. ९एफ०२०००० मधला तो '२' चुकून '०' झाला, तर पुसायला सुरुवात बूटलोडरपासूनच होते. यू-बूट त्या क्षणी रॅममधून चालत असतो, त्यामुळे तो तक्रारही करत नाही. प्रॉम्प्ट शांतपणे परत येतो, आणि वीज काढली की राउटर कायमचा गप्प.

राउटर उठला, घरात नेट आलं. खरा प्रश्न यानंतरचा.

बदलायचा की नाही

चालू बूटलोडरला हात लावू नये, हा नियम चांगला आहे आणि दहातल्या नऊ घरांत तोच पाळावा. नव्या बूटलोडरने वेग वाढत नाही, वायफायची रेंज वाढत नाही, सुरक्षाही वाढत नाही. राउटर सुरू झाल्यावर बूटलोडर काहीच करत नसतो. उलट फ्लॅशच्या या भागाला दुसरी प्रत नाही. बऱ्याच मोबाइलमध्ये प्रणालीच्या दोन-दोन प्रती असतात, इथे प्रोसेसर शून्याव्या पत्त्यावरून जे वाचेल तेवढ्यावरच सगळं उभं. ते चुकलं तर सिरियलही बोलत नाही, चिपच बाहेरून लिहावी लागते.

इथे बदलायच्या बाजूने एकच कारण होतं, पण वजनदार. फर्मवेअर पुढेही बदलणार, वीज पुढेही जाणार, आणि घरात सिरियल जोडणारं कोणी नाही. नव्या बूटलोडरमध्ये बटण दाबून सुरू होणारं वेब पान असेल, तर काकूसुद्धा राउटर उठवू शकतात, पत्ते टाइप करायचा धोकाही उरत नाही. वीज न जाऊ देणं हा पर्याय होताच आणि तोही केला: गिझरची कॉइल बदलली, राउटरला १२ व्होल्टचा छोटा लिथियम यूपीएस लावला. राउटरचा अडॅप्टर १२ व्होल्ट, दीड अँपिअरचा आहे, तेव्हा यूपीएस किमान २ अँपिअरचा घ्यावा आणि पिनचा मधला भाग धन आहे ना ते मीटरने तपासावं. पण फर्मवेअर बिघडायला वीजच जावी लागते असं नाही. चुकीची फाइल, भरलेली फ्लॅश, अर्धवट सेटिंग, काहीही पुरतं.

निवडला तो पेपे२के या टोपणनावाच्या विकासकाचा यू-बूट मॉड. अॅथेरॉस घराण्याच्या चिपसाठीच तो बनवलेला आहे आणि डब्ल्यूडीआर३६०० त्याच्या यादीत नावानिशी आहे. 'यादीत साधारण असाच एक राउटर आहे' हे चालत नाही. उदाहरणार्थ, घरोघरी दिसणाऱ्या डब्ल्यूआर८४१एन आवृत्ती ८ मध्ये एआर९३४१ आहे, म्हणजे जवळची भावंडंच. पण त्यात डीडीआर१ मेमरी आहे आणि इथे डीडीआर२. बूटलोडरचं पहिलं काम मेमरी जागी करणं. ते चुकलं की पुढची एक ओळही छापली जात नाही.

त्या १२८ किलोबाइटमध्ये काय दडलेलं असतं

लोक राउटर गमावतात ते बहुतेक इथे. यू-बूट मॉडची फाइल बरोबर १२३ किलोबाइटची असते, १,२५,९५२ बाइट. बूटलोडरचा भाग १२८ किलोबाइटचा, १,३१,०७२ बाइट. मधले पाच किलोबाइट रिकामे नाहीत. त्यातले पहिले चार नव्या बूटलोडरच्या सेटिंगसाठी राखलेले आहेत. शेवटच्या एका किलोबाइटमध्ये या नगाची ओळख आहे: १,३०,०४८व्या बाइटपासून मॅक अॅड्रेस (नेटवर्कवर यंत्राला ओळखणारा क्रमांक), १,३०,३०४ पासून मॉडेलचा क्रमांक, १,३०,५६० पासून डब्ल्यूपीएसचा पिन.

फ्लॅश बाइट-बाइटने पुसता येत नाही. इथे लिनक्स ती ६४ किलोबाइटच्या ठोकळ्यांनी पुसतो, म्हणजे बूटलोडरचे दोन ठोकळे. १२३ किलोबाइटची फाइल थेट लिहिली तर दुसरा ठोकळा पूर्ण पुसला जातो आणि त्याच्या शेपटातली ओळखही जाते. राउटर तरीही सुरू होतो, म्हणून चूक लगेच कळत नाही. ओपनडब्ल्यूआरटीला मॅकच्या जागी सगळीकडे एफएफ दिसतं, तो अवैध ठरतो आणि यंत्र भलताच मॅक घेऊन उठतं. नौपाड्यातल्या या घरात केबलवाल्याने जोडणी मॅकला बांधलेली आहे. राउटर ठणठणीत, केबल ठणठणीत, वायफाय चालू, आणि नेट मात्र नाही. मग माणूस केबलवाल्याला फोन करत बसतो.

म्हणून फाइल थेट लिहायची नसते. जुन्या पूर्ण बूटलोडरची प्रत घ्यायची, तिच्या पुढच्या भागावर नवी फाइल बसवायची आणि शेपूट जसंच्या तसं ठेवायचं.

बाहेरचा दोर

लिहिण्याआधी अख्ख्या चिपची प्रत आणि ती परत लिहिण्याचं साधन, दोन्ही हाताशी असलं पाहिजे. साधन म्हणजे सीएच३४१ए प्रोग्रॅमर आणि आठ पायांच्या चिपला बसणारा चिमटा. दोन्ही लॅमिंग्टन रोडला मिळतात. ठाण्याहून दादरला बदलून स्लो लोकलने ग्रँट रोड. दुकानदाराला 'बायोस प्रोग्रॅमर' म्हटलं तरी कळतं. काळ्या रंगाचा जो सगळीकडे मिळतो त्यात एक जुनं दुखणं आहे: चिपला वीज ३.३ व्होल्ट देतो, पण डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट सोडतो. बऱ्याच चिपा हे सहन करतात, पण ३.३ व्होल्टच्या चिपवर हा जुगार कशाला? व्होल्टेज निवडायची सोय असलेली आवृत्ती घ्यावी आणि मीटरने खात्री करावी.

चिमटा लावताना राउटरचा अडॅप्टर काढलेला हवा. तरीही बोर्डावर लावून वाचताना एक अडचण येते. प्रोग्रॅमरची वीज चिपमधून बोर्डात शिरते, प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि तोही त्याच चिपशी बोलायला लागतो. परिणामी दर वेळी वेगळं वाचन. या नगातही पहिली दोन वाचनं जुळली नाहीत. चिमट्याच्या तारा जितक्या आखूड तितकं बरं. यूएसबीची लांब वायर काढून प्रोग्रॅमर थेट लॅपटॉपला लावला, दात इसोप्रोपिलने पुसले, चिमटा पुन्हा बसवला. त्यानंतरची वाचनं सारखी आली. प्रत ८३,८८,६०८ बाइटची, आणि लागोपाठच्या दोन प्रतींची एसएचए२५६ बेरीज (फाइलच्या बाइटवरून निघणारी खूण, एक बाइट बदलला तरी ती बदलते) एकच, असं झाल्याशिवाय त्या प्रतीला बॅकअप म्हणू नये.

आणखी एक पडताळणी फुकटात होते. राउटर चालू करून ओपनडब्ल्यूआरटीमधून बूटलोडरचा भाग वेगळा वाचायचा. आधी 'कॅट /प्रोक/एमटीडी' करून 'यू-बूट' नावाचा भाग कोणत्या क्रमांकाचा आहे ते बघायचं, इथे तो एमटीडी० होता. मग 'कॅट /डेव्ह/एमटीडी०' टेंप फोल्डरमधल्या फाइलीत. ती लॅपटॉपवर आणायची. नव्या लिनक्सवरचा एससीपी आता आतून एसएफटीपी वापरतो आणि राउटरवर ते नसतं, म्हणून आज्ञेला उणे मोठा 'ओ' हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर न कळणारी एरर येते. चिमट्याने घेतलेल्या प्रतीचे पहिले १,३१,०७२ बाइट आणि ही फाइल तंतोतंत जुळली पाहिजे. इथे जुळली. हेक्सडंपमध्ये १,३०,०४८व्या बाइटला जे सहा बाइट दिसले, तेच राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेले होते.

लिहिणं

जोडकाम लॅपटॉपवर. जुन्या प्रतीची नक्कल करून 'डीडी'ने नवी फाइल तिच्या सुरुवातीवर बसवायची, शेवटी 'कॉन्व्ह=नोट्रंक' असायलाच हवं. पहिल्या वेळी तयार फाइल १,२५,९५२ बाइटची निघाली, कारण 'नोट्रंक' टाइप करताना राहिलं होतं. तो शब्द नसेल तर डीडी लिहायला सुरुवात करण्याआधीच जुनी फाइल रिकामी करतो, आणि शेपूट उरतच नाही. आकार बघितला नसता तर मॅक गेलाच होता. आज्ञा पुन्हा दिली, आकार १,३१,०७२ आला, शेवटच्या किलोबाइटमध्ये जुनेच बाइट, आणि पहिल्या १२३ किलोबाइटची बेरीज यू-बूट मॉडसोबत आलेल्या बेरजेशी जुळली.

फाइल राउटरच्या टेंपमध्ये नेली. टेंप रॅममध्ये असतं, १२८ एमबी रॅमवर तेवढी जागा किरकोळ. तिथेही एकदा बेरीज काढली, कारण तपासायची ती लॅपटॉपवरची नव्हे, जी लिहिली जाणार आहे ती फाइल.

ओपनडब्ल्यूआरटीने बूटलोडरचा भाग फक्त वाचण्यापुरता ठेवलेला असतो. तो मोकळा करायला 'केमॉड-एमटीडी-आरडब्ल्यू' हे मॉड्यूल लागतं. चालू कर्नलच्या आवृत्तीला जुळणारंच बसतं, तेव्हा ते त्याच रिलीजच्या भांडारातून घ्यावं. ते चढवताना 'आय_वाँट_अ_ब्रिक=१' असं लिहून द्यावं लागतं. लेखकाचा विनोद खरा, पण न समजता कोणी पुढे जाऊ नये म्हणून अडसर चांगला आहे.

या टप्प्यावर राउटर यूपीएसवर होता, लॅपटॉप बॅटरीवर, केबल लॅनची, वायफाय नव्हे. 'एमटीडी राइट', फाइलचं नाव, 'यू-बूट'. ६४ किलोबाइटचा ठोकळा पुसायला साधारण दीडशे मिलिसेकंद आणि फार तर दोनेक सेकंद, लिहायला साधारण तेवढाच वेळ. सगळा धोक्याचा काळ काही सेकंदांचा.

लिहून झालं की लगेच रीबूट करायचा मोह होतो. करायचा नाही. लिनक्स अजून रॅममध्ये चालू आहे, तोवर चुकलेलं लेखन कितीही वेळा दुरुस्त करता येतं. वीज गेल्यावर ही संधी संपते. 'कॅट /डेव्ह/एमटीडी०' पुन्हा केलं, बेरीज काढली, लिहिलेल्या फाइलशी जुळली. मगच रीबूट. तो नीट झाल्यावर अडॅप्टर आणि यूपीएस दोन्ही काढून मिनिटभराने पुन्हा वीज दिली. रीबूटमध्ये मेमरी आणि क्लॉक आधीच्या स्थितीतून उठतात, त्यामुळे कधीकधी दोष झाकला जातो. थंड यंत्र उठलं तरच बूटलोडर बसला म्हणायचा.

काकूंची चाचणी

नव्या बूटलोडरची रीत अशी. मागचं डब्ल्यूपीएस-रीसेट बटण दाबून धरायचं, मग वीज द्यायची, किमान तीन सेकंद धरून सोडायचं. पाचच्या पुढे गेलं तर सिरियल कन्सोल सुरू होतं, सातच्या पुढे नेटवर्क कन्सोल, आणि यांपैकी कशाचाही घरच्यांना उपयोग नाही. वेब पान १९२.१६८.१.१ वर येतं. तिथे डीएचसीपी (आपोआप पत्ता देणारी सोय) नाही, म्हणून लॅपटॉपला स्थिर पत्ता द्यावा लागतो: १९२.१६८.१.२, मास्क २५५.२५५.२५५.०.

काकूंच्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही. यूएसबी-लॅन अडॅप्टर आणला आणि स्थिर पत्ता फक्त त्या अडॅप्टरला कायमचा देऊन ठेवला. वायफायची सेटिंग वेगळी राहते, रोजच्या वापरात काही अडत नाही.

मुलगा व्हिडिओ कॉलवर. "आई, बटण सोडू नकोस अजून. दिवा किती वेळा लुकलुकला?" "तीनदा. चौथ्यांदा लागतोय." "आता सोड." पान उघडलं नाही. कारणं दोन होती. वायफाय चालू असल्याने लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पान शोधत होता, आणि ब्राउझरने पत्त्यापुढे स्वतःहून एचटीटीपीएस लावला होता. वायफाय बंद केलं, पत्ता एचटीटीपीसह पूर्ण लिहून बुकमार्क केला. दुसऱ्या वेळी पान आलं, फाइल निवडली, बटण दाबलं. काकांनी मध्येच विचारलं, "बंद करून चालू करू का?" मुलगा ओरडलाच, "बाबा, हात नका लावू!" काही मिनिटांत राउटर स्वतःच उठला.

इथे एक गोष्ट आधीच करून ठेवली होती. साधी फॅक्टरी फाइल चढवली तर राउटर कोरा उठतो, वायफाय बंद, केबलवाल्याच्या पीपीपीओई जोडणीचं नाव-पासवर्ड नाही, आणि पुढचं सगळं फोनवरून समजावत बसावं लागतं. त्याऐवजी ओपनडब्ल्यूआरटीच्या इमेज बिल्डरने सेटिंगसकट फाइल बनवली (बिल्डरमधल्या 'फाइल्स' फोल्डरमध्ये घरची कॉन्फिगरेशन ठेवायची). आकार ७.७५ एमबीच्या आत बसावा म्हणून यूएसबीची पॅकेजं काढली. या फाइलमध्ये पासवर्ड उघडे असतात, म्हणून ती व्हॉट्सअॅपवर फिरवायची नाही. ती लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर एका फोल्डरमध्ये आहे, आणि त्या फोल्डरमध्ये दुसरी एकही फाइल नाही. कारण हे वेब पान फाइल तपासत नाही, जे द्याल ते लिहितं. टीपी-लिंकच्या मूळ फर्मवेअरच्या ज्या फाइलींच्या नावात 'बूट' असतं, त्यांच्या सुरुवातीला बूटलोडरही जोडलेला असतो. तशीच चढवली तर राउटर उठत नाही, आधी पुढचे १,३१,५८४ बाइट कापावे लागतात.

कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला कागद असा:

"नेट गेलं आणि दिवे सारखे पुन्हा पुन्हा लागतायत, तरच हे करायचं. नुसतं नेट गेलं असेल तर आधी केबलवाल्याला फोन. १. लॅपटॉपचं वायफाय बंद. २. छोटा अडॅप्टर लॅपटॉपला, त्याची केबल राउटरच्या १ नंबरच्या लॅनला. निळ्या पोर्टला नाही. ३. राउटर मागच्या स्विचने बंद. मागचं बटण दाबून धरा, स्विच चालू करा, दिवा तीन-चार वेळा लुकलुकला की बटण सोडा. ४. 'राउटर दुरुस्ती' बुकमार्क उघडा, फोल्डरमधली एकुलती एक फाइल निवडा, अपडेट दाबा. ५. चहा ठेवा. दहा मिनिटं कशालाही हात लावायचा नाही."

'दिवे पुन्हा पुन्हा' ही अट मुद्दाम घातली आहे. पावसाळ्यात गच्चीवरून येणाऱ्या केबलमधून वीज कडाडली की राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरची केबल लागते तो) किंवा त्याच्या आतला अख्खा स्विच जळतो. तेव्हा बाकीचे दिवे शांतपणे लागलेले असतात आणि फक्त इंटरनेटचा दिवा नसतो. त्या दुखण्याला हे औषध नाही.

पुढच्यासाठी काही नोंदी

सिरियलच्या तारा काढल्या, पण छिद्रांत चार पिनांची पट्टी डाखवून ठेवली. पुन्हा कधी उघडायची वेळ आलीच तर सोल्डरिंगची गरज नको.

चिपची पूर्ण प्रत मुलाकडे आणि काकूंच्या पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे आहे. फाइलच्या नावात मॅकचे शेवटचे चार अंक घातले आहेत, कारण ही प्रत दुसऱ्या नगावर चढवायची नसते. चढवली तर दोन राउटरचा मॅक एक होतो आणि दुसऱ्याच्या रेडिओला पहिल्याचं कॅलिब्रेशन मिळतं.

यू-बूट मॉडच्या कन्सोलमध्ये क्लॉक बदलायची आणि सेटिंग साठवायची सोय आहे. 'सेव्हएन्व्ही' निरुपद्रवी वाटते, पण ती ज्या ठोकळ्यात लिहिते त्याच ठोकळ्यात बूटलोडरचा उत्तरार्ध आणि मॅकही आहे, म्हणजे प्रत्येक साठवणीत तो ठोकळा पुसून पुन्हा लिहिला जातो. गरज नसेल तर ती आज्ञा देऊ नये. ओव्हरक्लॉकचा मोह तर ठाण्यातल्या मे महिन्यात, बंद कपाटावर ठेवलेल्या राउटरला अजिबात परवडणारा नाही.

त्याच वेब पानाचे आणखी दोन भाऊ आहेत: एक बूटलोडर बदलायचं, एक आर्टचं. घरच्या बुकमार्कमध्ये ते मुद्दाम ठेवलेले नाहीत. बूटलोडरच्या पानाची पुन्हा गरज पडेल असं सध्या दिसत नाही. आर्टचं पान फक्त एकाच परिस्थितीत वापरायचं: कॅलिब्रेशन खरोखर खराब झालंय आणि याच नगाच्या प्रतीतून काढलेली ६५,५३६ बाइटची फाइल हातात आहे. वायफायची रेंज कमी वाटते म्हणून कोणाकडून तरी मिळालेली आर्ट फाइल चढवणारे लोक असतात. त्याने रेंज वाढत नाही. ५ गिगाहर्ट्झचा रेडिओ दिसायचाच बंद होऊ शकतो.